विकायला काढा ना!

जानेवारीत चार दिवस पवनारला मावशीकडे जाऊन आलो. (मावशी, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. तुझ्या वांग्याच्या भाजीवर वेगळं लिहीन, आज विषय वेगळा आहे.) पवनार म्हणजे वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठ-दहा किलोमीटरवरचं गाव. बऱ्याच जणांना ते विनोबांच्या आश्रमामुळे माहीत असतं. मला ते लहानपणापासून धाम नदीतल्या काळ्या खडकांमुळे माहीत आहे. संध्याकाळी त्या खडकांवर जाऊन बसायचं, एका बाजूला टेकडीवरचा आश्रम, दुसऱ्या बाजूला पुलावरून जाणारे ट्रक, आणि मध्ये आपण. पुण्यात हे मिळत नाही, म्हणून तिथे गेलो की मी रोज संध्याकाळी नदीवर असतो.

तर तिथे एक काका भेटले. वीजमंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत चार-पाच बासऱ्या. एक बाहेर काढून फुंकत होते, पण गाणं वाजवत नव्हते. एकच सूर, थांबायचं, भोकात नख घालून काहीतरी खरवडायचं, पुन्हा तोच सूर. पाच-दहा मिनिटं मी ऐकलं आणि मग राहवलं नाही.

"तुम्ही स्वतः बनवता?"

"हो जी. बसा ना."

बसलो, आणि पुढचा दीड तास कसा गेला ते खरंच कळलं नाही. बासरीबद्दल ते फार बोलले नाहीत. म्हणजे विचारलं तेवढं सांगितलं. आपल्याकडच्या जंगलातला बांबू बासरीला चालत नाही, तो भरीव असतो, काठीला चांगला. बासरीला पातळ भिंतीचा आणि लांब पेराचा लागतो, तो आसामकडून येतो. भोक पाडायला तापवलेली सळई वापरायची, ड्रिलने बांबू चिरतो. भोक सुरुवातीला लहानच ठेवायचं, कारण मोठं केलं की सूर वर चढतो, आणि चढलेला सूर खाली आणायचा तर मेण भरावं लागतं. "आन् मेण भरलेली बासरी म्हणजे थिगळाचा सदरा," इति काका. थंडीत सूर उतरतो, उन्हाळ्यात चढतो, कारण हवा तापली की आवाज तिच्यातून जास्त वेगाने जातो. वर्ध्याच्या मे महिन्यात जुळवलेली बासरी जानेवारीत ऐकवत नाही, म्हणून ही खरवडाखरवडी.

पण खरे खुलले ते मी लाइनमनच्या कामाबद्दल विचारलं तेव्हा. पावसाळ्याच्या पहिल्या वादळात रात्री दोन वाजता शेतातल्या डीपीवर जायचं, चिखलात शिडी लावायची, लाइन बंद आहे असा निरोप आला तरी आधी स्वतः खात्री करायची, मगच हात लावायचा. फेज गेलेली कशी ओळखायची, झाडाची कोणती फांदी आज ना उद्या तारेवर येणार हे कसं दिसतं. बोलता बोलता म्हणाले, "डीपी गाते, माहीत आहे का? पांढरी पाच. जराशी चढी."

मला वाटलं गंमत करताहेत. रात्री घरी येऊन हिशेब केला. (इंजिनिअरिंग केलंय, एवढं तरी आलं पाहिजे!) आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलून पूर्ववत होते. प्रत्येक फेऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या आतला लोखंडी गाभा दोनदा किंचित ताणला जातो आणि परततो, म्हणून गुणगुण येते ती सेकंदाला शंभर कंपनांची. खर्जातली पांढरी पाच साधारण अठ्ठ्याण्णव कंपनांची. म्हणजे अगदी बरोबर, पांढरी पाच, जराशी चढी! आणि आतले नट ढिले झाले की त्या सुरात खरखर येते, ती त्यांना खांबाखालूनच ऐकू यायची. सायकलवरून उतरायच्या आधी कळायचं म्हणाले, आज काम आहे की नुसतीच चक्कर.

मी इंजिनिअर होऊन वीस वर्षं झाली. शंभर कंपनं मला पुस्तकातून माहीत होती आणि पांढरी पाच शाळेतल्या पेटीवरून. दोन्ही एकच आहेत हे कधी सुचलं नाही. तेव्हा ह्या माणसाचं काम कुठे संपतं आणि छंद कुठे सुरू होतो, सांगा बरं. मला तरी नाही सांगता येणार.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मी माती खाल्ली.

म्हणालो, "काका, इतक्या छान आहेत. विकायला काढा ना! ऑनलाइन टाकू आपण, मी करून देतो सगळं."

काकांनी बासरी पिशवीत ठेवली. चिडले वगैरे नाहीत. हसले. म्हणाले, "मंग ते बी कामच झालं ना जी. पस्तीस वर्षं कंप्लेंटवर गेलो. आता बासरीच्या बी कंप्लेंटा घेऊ काय?"

त्यानंतर गप्पा हवापाण्यावर आल्या, तूर कशी आहे वगैरे, आणि थोड्या वेळाने ते उठून गेले.

आता खरं सांगायचं तर त्या वाक्याने मला बोचायचं कारण काका नव्हते. कारण आमच्या घरातलं आहे. नातेवाईक मंडळींना प्रकरण माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात.

माझी धाकटी बहीण गोधड्या शिवते. शिवायची, असं म्हणायला हवं. आईच्या, आजीच्या जुन्या साड्या, हाताने, एकेक धाव दोरा. एक गोधडी पुरी व्हायला तिला चार महिने लागायचे आणि ती कुणाला द्यायची हे ती शिवतानाच ठरवायची. आमच्या मुलीच्या बारशाला मिळालेली अजून आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मी तिच्या मागे लागून पेज काढून दिलं, फोटो काढले, किंमत ठरवली, पहिल्या दहा ऑर्डरी मीच मित्रांकडून आणल्या. काय अभिमान वाटत होता मला! स्वतःचा, हे आता कळतंय. मग सुरू झालं. हा निळा नको, तो निळा हवा. रविवारपर्यंत मिळेल का. कॉटनची आहे ना, मशीनमध्ये टाकली तर चालेल ना. दुसरीकडे याच्या निम्म्या किमतीत मिळते. एका बाईंनी तर टाके एकसारखे नाहीत म्हणून परत पाठवली. हाताचे टाके! दोन वर्षांत बहिणीने पेज बंद केलं आणि सुई ठेवून दिली. मला एका शब्दाने बोलली नाही. आमच्या घरात कुणी कुणाला बोलत नाही, तो एक वेगळाच विषय आहे.

इथे थांबून "छंद विकू नका हो" असा उपदेश करता आला असता. पवनारहून परतताना गाडीत डोक्यात तेच घोळत होतं. पण दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवला आणि तो सगळा डोलारा कोसळला.

सेवाग्रामला गेलो होतो तेव्हा तिकडच्याच एका गावात एक ताई अंबर चरख्यावर सूत कातत होत्या. अंबर चरखा म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर गांधींचा फोटो येतो तो चरखा नव्हे. याला एका वेळी अनेक चात्या असतात, हँडल फिरवलं की सगळ्यांवर सूत निघतं. तमिळनाडूतल्या एकंबरनाथन यांनी तो बनवला, त्यांच्याच नावावरून अंबर. तर मी, पुण्याहून आलेला शहाणा, त्या ताईंना काय विचारावं? "कातताना मन शांत होत असेल ना? ध्यानासारखं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ध्यान कायचं जी. धागा तुटला का तेवढं पाहा लागते. पैसे गुंडीवर भेटते."

गुंडी म्हणजे सुताची लड. जेवढ्या गुंड्या तेवढे पैसे. मग मी किती मिळतात ते विचारलं का? नाही. संकोच वाटला. चरख्यासमोर बसून पैशाचं कसं विचारायचं! फोटो काढला, छान छान म्हणालो, निघालो.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. काका पेन्शनवर आहेत, बासरीवर त्यांचं पोट नाही, त्यांना मी बाजाराबद्दल बोललो. ताईंचं पोट सुतावर आहे, त्यांना मी ध्यानाबद्दल बोललो. ज्याला जे विचारायचं ते नेमकं उलटं. आणि हा गाढवपणा माझ्या एकट्याचा नाही, आपण सगळेच करतो असं मला वाटतं. हस्तकलेच्या प्रदर्शनात जाऊन पाहा. कुंभाराला आपण विचारतो, "मातीत हात घातला की काय वाटतं हो?" आणि ऑफिसातल्या मित्राने रविवारी बनवलेला मग पाहिला की म्हणतो, "अरे हे विक ना, पाचशेला सहज जाईल." कुंभाराला खरं तर पाचशेचं विचारायला हवं. माती महागली का, भट्टीला लाकूड कुठून आणता, आमच्यासारखे घासाघीस करतात तेव्हा हातात किती उरतात. आणि मित्राला विचारायला हवं, मातीत हात घातला की काय वाटतं.

पवनारला बसून हे सुचावं याला अर्थ आहे, कारण या दोन्ही प्रश्नांची नीट शिस्त असलेला माणूस इथेच राहून गेला. विनोबा पवनारला आले १९३८ साली. त्याआधी वर्ध्याजवळच्याच नालवाडीत होते. तिथे त्यांनी काय केलं, तर रोज तासन् तास सूत कातून, चरखा संघाच्या दराने त्या सुताची जी मजुरी होते तिच्यात माणसाचं भागतं का, हे स्वतःवर करून पाहिलं. खादीवर भाषण करणं सोपं होतं, आणि ते करणारे तेव्हाही पुष्कळ होते. विनोबांनी किती मिळतात हा प्रश्न मांडी घालून, टकळी हातात घेऊन विचारला. उत्तर अर्थातच वाईट आलं, भागत नाही. १९३५ साली गांधींनीही कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला आणि चरखा संघाला दर वाढवावे लागले. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी ओरड झाली ती झालीच.

त्याच्याही आधी, १९२९ साली, चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. तेव्हाचे एक लाख! अटी वाचताना मजा येते, कारण त्या कुठल्याही आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरने लिहिल्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत. खेड्यातल्या बाईला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. वर्षानुवर्षं टिकला पाहिजे, दुरुस्तीचा खर्च किरकोळ असला पाहिजे. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. पण मला त्यातली आठ तासांची अट आवडते. चरख्याकडे पाहताना कुणीतरी त्या बाईच्या खांद्याचा विचार केला होता. मी तिच्या ध्यानाचा केला.

आणि याच विनोबांचा छंद कोणता, तर गणित. परमेश्वरानंतर आपलं प्रेम कशावर असेल तर गणितावर, असं ते सांगत. त्या गणिताचं त्यांनी काय केलं? काही नाही. म्हणजे प्रमेय सिद्ध केलं नाही, पाठ्यपुस्तक लिहिलं नाही. आवडत होतं, करत होते. सुताचा हिशेब पै-पैचा, गणिताचा हिशेब नाही. माझ्या काकांचंही थोडंफार तसंच आहे. बिलावरचं युनिट न् युनिट माहीत, आणि बासरीची किंमत विचारली तर पिशवी बंद. (विनोबांशी तुलना केली म्हणून मावशी रागावेल. पण मावशी, तूच म्हणतेस ना आश्रमातल्या बाया दगडही झाडतात आणि उपनिषदंही वाचतात म्हणून?)

मराठीत हे दोन्ही प्रश्न ज्याच्या त्याला बरोबर विचारणारा लेखक म्हणजे अनिल अवचट. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. 'माणसं' वाचलं असेल तर आठवेल, अंगमेहनत करणाऱ्यांजवळ बसून हा माणूस दिवसाला किती मिळतात, पाठ कुठे दुखते, मुकादम किती कापतो हे विचारत बसतो. आणि तोच माणूस 'छंदांविषयी'त ओरिगामी, बासरी, लाकडातली शिल्पं यात असा रमतो की पैशाची आठवणच येत नाही. मी दोन्ही पुस्तकं कॉलेजात वाचली होती, आणि मला ती दोन वेगळ्या माणसांची वाटली होती.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, छंदातून चार पैसे मिळाले तर बिघडलं काय? काही बिघडलं नाही. माझा एक मित्र नोकरी सोडून फर्निचर बनवतो आणि खूश आहे. पण ते त्याने ठरवलं, मी नाही. मुद्दा विकण्याचा नाहीच, समोरच्याने आपल्याला काहीतरी दाखवल्यावर आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं बाहेर पडतं त्याचा आहे. "विकायला काढा" ही आपल्याकडची सगळ्यात मोठी दाद झाली आहे. आपल्या मते ते कौतुक असतं. समोरच्याला ऐकू येतं ते असं, की हे आत्ता आहे तसं पुरेसं नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाला कथा लिहिताना नुसता जगताप व्हावंसं वाटलं. मोठ्या नावाचं ओझं त्या कथेवर पडू नये, एवढाच हेतू. बहिणीच्या गोधडीवर मी जे टाकलं तेही ओझंच होतं, नाव वेगळं, 'ब्रँड'. (आइनस्टाईनचं व्हायोलिन मी मुद्दाम आणत नाहीये, ते प्रत्येक लेखात असतं.)

असो. पवनारच्या शेवटच्या संध्याकाळी पुन्हा नदीवर गेलो. काका होते. मी गप्प बसलो, कारण आता काय विचारावं तेच कळेना. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुमचं काय काम आहे भाऊ, पुण्यात?"

सॉफ्टवेअर टेस्टिंग, म्हणालो. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. यापुढचा प्रश्न मला पाठ आहे. सासरपासून सलूनपर्यंत सगळे तोच विचारतात, पॅकेज किती. नाहीतर हल्ली, एआयमुळे तुमचं कसं होणार.

काका म्हणाले, "चूक सापडली का आनंद होते, का वाईट वाटते?"

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. बायकोनेही नाही. मी सांगायला लागलो, की आनंद होतो, पण ज्याने लिहिलंय तो चांगला पोरगा असेल तर सांगताना जीभ अडते, आणि काही चुका इतक्या सुंदर असतात की दुरुस्त झाल्यावर चुटपुट लागते, आणि एकदा एक चूक फक्त महिन्याच्या एकतीस तारखेलाच यायची ती शोधायला मला पाच महिने लागले होते... अंधार पडला तेव्हा मावशीचा फोन आला, जेवायला येतोस की नाही म्हणून. त्या सबंध वेळात काकांनी एकदाही बासरी काढली नाही.

पुण्याला आल्यावर बहिणीला फोन केला. माफी वगैरे मागायची होती, ते काही जमलं नाही. त्याऐवजी विचारलं, गोधडीचा कोपरा तू वळवतेस कसा, तिथे कापडाचा गोळा होत नाही? आधी ती म्हणाली, तुला काय करायचंय. मग अर्धा तास बोलली. साडीचा काठ कोपऱ्यावर आला तर काय करायचं, जरीच्या काठाची सुई वेगळी, नऊवारीचं कापड पाचवारीपेक्षा का बरं पडतं. आणि मग म्हणाली की गेल्या दिवाळीपासून एक शिवायला घेतली आहे, आईच्या त्या डाळिंबी साडीची.

हे सगळं इथे लिहू का असं तिला विचारलं. लिही म्हणाली, पण फोटो टाकायचा नाही.